चेक इंजिन लाइट पुन्हा पुन्हा लागतो? जुन्या ट्रकचा सेन्सर फॉल्ट मोबाइलवरून असा शोधा

आमच्या नंदनवनातल्या गल्लीत माझ्या मामांचा एक छोटा ट्रक उभा असतो. २०१७ सालचा, बीएस-४, डिझेल. पहाटे कळमना मार्केटमधून टमाटे, कोथिंबीर, वांगी भरायची आणि उमरेड, भिवापूरकडे पोचवायची, हा त्याचा रोजचा धंदा. मागच्या उन्हाळ्यात या ट्रकने मामांना रडवलं. चालता चालता चेक इंजिनचा लाइट लागायचा आणि इंजिन गपकन बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. स्कॅनर लावला की दर वेळी तोच कोड: पी ०३३५. दर वेळी तोच सेन्सर बदलला. दोन महिन्यांत तीन सेन्सर झाले आणि चौथ्यांदा गाडी उमरेड रोडवर बंद पडली, मागून डंपर येत असताना.

त्या रात्री मामा म्हणाले, "विकून टाकतो बे आता. हप्ता भरू का सेन्सर घेऊ?"

गाडी विकली नाही. दोष सापडला आणि तो सेन्सरमध्ये नव्हताच. तो शोधायला लागलं काय, तर एक स्मार्टफोन, एक सातशे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि एक साधा मल्टिमीटर. हा लेख त्या शोधाबद्दल आहे. तुमच्या घरी जुना ट्रक, पिकअप, टेम्पो किंवा कार असेल तर हीच पद्धत तुम्हालाही वापरता येईल.

चेक इंजिन लाइट नेमकं काय सांगतो?

गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनावरचे सेन्सर त्याला सतत माहिती पाठवतात: पाणी किती गरम आहे, हवा किती येतेय, डिझेलचा दाब किती, इंजिन किती वेगाने फिरतंय. यातली एखादी माहिती येईनाशी झाली किंवा पटण्यासारखी नसली की ईसीयू एक कोड साठवतो आणि लाइट लावतो.

या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, म्हणून कोड आणि १६ पिनांचं सॉकेट कंपन्यांमध्ये बरंचसं सारखं झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यामुळे बीएस-४ च्या बहुतेक हलक्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी हे सॉकेट सापडतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोड म्हणजे आजाराचं नाव नाही, ती रुग्णाची तक्रार आहे. "पोट दुखतंय" असं सांगितल्यावर डॉक्टर लगेच पोट बदलत नाही. आम्ही मात्र तीन वेळा तेच केलं.

कोड कसा वाचायचा?

पी ०३३५ चा अर्थ एकेक अक्षर घेऊन पाहू.

- पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी, यू म्हणजे कॉम्प्युटरांमधलं आपसातलं बोलणं.
- ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना लागू असलेला कोड. इथे १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावा लागतो.
- ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायरचा गट.
- ३५ हा नेमका दोष.

पूर्ण अर्थ: क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर 'ए' च्या सर्किटमध्ये बिघाड. यातला "सर्किट" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आमची सगळी चूक या एका शब्दात होती. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याचा कपलर येतो, ईसीयूपर्यंत जाणारी वायर येते आणि ईसीयूची पिनही येते. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच दिसतो.

क्रँक सेन्सर करतो काय?

इंजिनच्या क्रँकशाफ्टसोबत एक दातेरी चकती फिरते. बऱ्याच इंजिनांत त्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर समोरून जाणारे दात मोजतो. गाळलेली जागा आली की ईसीयूला कळतं, क्रँक आत्ता नेमका कुठे आहे. त्यावरूनच इंजेक्टरने डिझेल कधी मारायचं ते ठरतं. हा सिग्नल गेला की अनेक इंजिनं डिझेल तोडतात आणि बंद पडतात. काही इंजिनं कॅम सेन्सरच्या भरवशावर कशीबशी चालू राहतात.

हे सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात.

इंडक्टिव्ह: आत चुंबक आणि तांब्याची कॉइल. दोन वायरी, कधी सोबत जाळीची तिसरी. बाहेरून वीज लागत नाही, दात समोरून गेला की स्वतःच वीज तयार करतो.

हॉल इफेक्ट: आत इलेक्ट्रॉनिक सर्किट. तीन वायरी: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. याला बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं.

मामांच्या ट्रकमध्ये इंडक्टिव्ह होता. हा फरक आधी माहीत करून घ्या, कारण दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

आमचं कुठे चुकलं?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. गाडी दुपारी बंद पडायची आणि अर्ध्या तासाने सुरू व्हायची. म्हणून मिस्त्रीपासून मामांपर्यंत सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: सेन्सर गरम होऊन बंद पडतोय. हा तर्क वेडा नव्हता. इंडक्टिव्ह सेन्सरची कॉइल जुनी झाली की तापल्यावर आतून तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडली जाते, हे खरंच घडतं. म्हणून पहिला सेन्सर बदलणं मी चूक मानत नाही.

पण नवा सेन्सर टाकून तोच दोष परत आला, तेव्हाच थांबायला हवं होतं. दुसरी चूक अशी की दर वेळी मिस्त्री आधी कोड पुसायचा. कोड पुसला की त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम पण पुसला जातो. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष आला त्या क्षणाचा फोटो समजा: तेव्हा वेग किती, आरपीएम किती, पाण्याचं तापमान किती. तीन वेळा पुरावा मिळाला आणि तीन वेळा आम्ही तो आपल्या हाताने पुसला.

म्हणून पहिला नियम: आधी स्क्रीनशॉट, मगच क्लिअर.

मोबाइलवर काय लागतं?

- ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर. बाजारात ईएलएम३२७ या नावाने मिळतो. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. स्वस्तात मिळणारे बहुतेक नकली असतात. कोड वाचायला चालतात, पण वेग कमी असतो.
- अँड्रॉइड फोन आणि ओबीडीचं ॲप. साधा ब्लूटूथ अडॅप्टर आयफोनला चालत नाही. त्यासाठी वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा घ्या. ॲप कॉन्टॅक्ट्स किंवा मेसेजची परवानगी मागत असेल तर ते ॲप नको.
- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल.

सावधान: छोट्या ट्रकची बॅटरी १२ व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची. स्वस्त अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टसाठीच बनलेले असतात. २४ व्होल्टला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मोठ्या ट्रकला लावू नका.

लॉगने सांगितलेली खरी गोष्ट

चौथ्यांदा गाडी बंद पडल्यावर मी मामांना म्हटलं, कोड पुसू नका. अडॅप्टर लावला, ॲपमध्ये फक्त तीन गोष्टी निवडल्या: आरपीएम, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान. तीनच का? स्वस्त अडॅप्टर एका वेळी एकच प्रश्न विचारतो. वीस गोष्टी मागितल्या तर प्रत्येकीचं उत्तर उशिरा येतं आणि सेकंदभराचा दोष मधल्यामधे निसटतो.

मग लॉगिंग चालू केलं आणि मामांच्या शेजारी बसून उमरेड रोडला निघालो. तिसऱ्या दिवशी इंजिनला एक झटका बसला, पण गाडी बंद पडली नाही. घरी येऊन लॉग उघडला तर या ओळी दिसल्या.

- ११:४२:०७ – आरपीएम १६४०, वेग ३८
- ११:४२:०८ – आरपीएम ०, वेग ३८
- ११:४२:०९ – आरपीएम ०, वेग ३७
- ११:४२:१० – आरपीएम १५५०, वेग ३६

जरा नीट बघा. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सुटलेला आहे, चाकं फिरताहेत. मग इंजिन शून्यावर कसं असेल? चाकंच त्याला फिरवत असतात. डिझेल कमी पडलं असतं तर आरपीएम आणि वेग सोबत हळूहळू उतरले असते. इथे आरपीएम एका सेकंदात १६४० वरून शून्य आणि परत वर. म्हणजे इंजिन थांबलं नव्हतं, इंजिन फिरतंय ही बातमी ईसीयूपर्यंत पोचत नव्हती. डिझेल पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्यावरचा संशय इथेच संपला.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची होती. चौथ्या दिवशी पहाटे कळमन्यात भरलेली गाडी रिव्हर्स घेताना इंजिन बंद पडलं. तेव्हा पाण्याचं तापमान होतं ४१ अंश. इंजिन नीट तापलंही नव्हतं. उन्हाचा सिद्धांत तिथेच कोसळला. आणि मागे दुसऱ्या गाड्या उभ्या असल्याने मामांना थांबायला जागा नव्हती. त्यांनी लगेच सेल्फ मारला तर गाडी सुरू! याआधी आम्ही दर वेळी "थंड होऊ दे" म्हणून अर्धा तास थांबायचो, म्हणून वाटायचं की थंड झाल्यामुळे सुरू होते. लगेच मारून कधी पाहिलंच नव्हतं.

मग या सगळ्या घटनांमध्ये सारखं काय होतं? रिव्हर्सचा झटका, स्पीड ब्रेकरनंतर गिअर टाकणं, चढावर लोडमध्ये ॲक्सिलरेटर दाबणं. म्हणजे इंजिन जागच्या जागी हलतं तो क्षण.

मल्टिमीटरने खात्री कशी केली?

इथे नंदनवनातल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनची मदत घेतली. तुम्हीही घ्या, ईसीयूच्या कपलरला पहिल्यांदाच एकट्याने हात लावू नका.

१. इग्निशन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली.

२. सेन्सरचा कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला: ८६० ओहम. सेन्सर हलवला, ठोकला, आकडा स्थिर. सेन्सर ठीक.

३. कपलर परत लावला. आता ईसीयूचा कपलर काढून, त्याच दोन वायरींच्या टोकांना, म्हणजे पूर्ण वायरिंगसकट मोजलं: ८६१. हेही ठीक दिसलं.

४. मीटर तसाच लावून ठेवला आणि एकाने वायरिंगचा हार्नेस इंचाइंचाने हलवायला सुरुवात केली. इंजिनच्या बाजूच्या लोखंडी पट्टीपाशी आल्यावर आकडा उडाला. मीटरवर "ओएल", म्हणजे सर्किट तुटलं. सोडलं की पुन्हा ८६१.

तिसरी पायरी करून आम्ही थांबलो असतो तर "वायरिंग ओके" असं लिहून चौथा सेन्सर आणला असता. येणारा-जाणारा दोष स्थिर उभ्या गाडीत सापडत नाही. त्याला हलवून चिडवावं लागतं.

एक टीप: गरम सेन्सरचा आकडा थंडपेक्षा जास्त येतो, तो दोष नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ८६० असलेली कॉइल ६० अंश अधिक तापली तर हजाराच्या वर दाखवेल. योग्य आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आणि हॉल सेन्सर असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजू नका. तिथे सप्लाय येतो का, अर्थ नीट आहे का आणि सिग्नल बदलतो का, हे व्होल्टवर बघतात.

मूळ कारण वायरच्याही मागे होतं

टेप सोडली तर वायरचं वरचं आवरण जवळपास शाबूत होतं, पण आतलं तांबं तुटलेलं. टोकं एकमेकांना टेकून होती म्हणून बहुतेक वेळ काम चालायचं.

पण वायर तिथेच का तुटली? इलेक्ट्रिशियनने केबिनमध्ये मामांना बसवलं, हँडब्रेक आणि फुटब्रेक दाबून क्लच थोडा सोडायला लावला. इंजिन एका बाजूने चांगलंच वर उचललं गेलं. त्या बाजूच्या इंजिन माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं. इंजिन जास्त हलायचं, दर झटक्याला हार्नेस ताणला जायचा, आणि पट्टीवर वायर वाकून वाकून आतून तुटली. तारेचा तुकडा हाताने मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसंच.

इंजिन बंद पडलं की ते आपल्या मूळ जागी बसायचं आणि टोकं पुन्हा जुळायची. म्हणून गाडी परत सुरू व्हायची. थंडाव्याचा यात काही संबंध नव्हता.

दुरुस्ती अशी झाली: तुटलेला भाग कापून तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करून जोडली, वर हीट श्रिंक नळी चढवली, हार्नेसला थोडी ढील ठेवून पट्टीपासून दूर बांधला आणि माउंटिंग नवं टाकलं. इंडक्टिव्ह सेन्सरच्या दोन वायरी जोडताना अदलाबदल करायची नाही, सिग्नल उलटा जातो. सेल्फ आणि अल्टरनेटरच्या जाड केबलपासूनही त्या लांब ठेवायच्या, नाहीतर सिग्नलमध्ये गोंधळ शिरतो. नुसती वायर जोडून माउंटिंग तसंच ठेवलं असतं, तर काही महिन्यांनी हाच लेख पुन्हा लिहावा लागला असता.

तुमच्या गाडीसाठी क्रम

१. कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख, जागा, लोड होता का, हे फोनच्या नोट्समध्ये लिहा.

२. सगळे कोड बघा, एकच नाही. दोन-तीन सेन्सरचे कोड एकदम आले तर सेन्सर सोडून त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ तपासा. एका सेन्सरमधला शॉर्ट बाकीच्यांनाही खाली ओढतो.

३. बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थच्या पट्ट्या बघा. गंज असेल तर घासून घट्ट करा.

४. कपलर उघडा. आत तेल, पाणी, हिरवट थर, सैल पिन आहे का?

५. दोनतीन आकडेच निवडून लॉग करा. असंभव दिसणारी ओळ शोधा.

६. दोष कधी येतो त्यापेक्षा कधी येत नाही हेही लिहा.

७. वायरिंग हलवून तपासा.

८. सेन्सर सगळ्यात शेवटी.

मोठ्या ट्रकचं काय?

मोठ्या ट्रकमध्ये बहुधा जे१९३९ नावाची भाषा वापरतात. तिथे पी चा कोड नसून दोन आकडे असतात: एसपीएन म्हणजे कोणता भाग, आणि एफएमआय म्हणजे काय बिघडलं. उदाहरणार्थ एसपीएन ११० म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान, १०० म्हणजे ऑइलचा दाब. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, २ म्हणजे आकडा भरकटतोय. ही पद्धत एका अर्थी जास्त उपयोगी, कारण दोष वायरीचा असू शकतो याचा इशारा एफएमआयच देतो. मात्र त्यासाठी २४ व्होल्टला चालणारा वेगळा अडॅप्टर लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोड पुसल्यावर लाइट गेला. दुरुस्ती झाली का?
नाही. फक्त आठवण पुसली. दोष असेल तर तो परत येईल. दुरुस्तीनंतर काही दिवस ॲपमध्ये पेंडिंग कोड बघत राहा.

अडॅप्टर कायम लावून ठेवला तर?
नको. गाडी बंद असतानाही त्या सॉकेटला वीज असते, बॅटरी उतरू शकते. शिवाय अनेक स्वस्त अडॅप्टरांचा पिन १२३४ किंवा ०००० असतो, म्हणजे जवळचा कोणीही जोडू शकतो.

गाडी चालवताना ॲप बघू शकतो का?
अजिबात नाही. लॉगिंग चालू करा, फोन बाजूला ठेवा, घरी येऊन वाचा. बघायचंच असेल तर शेजारी दुसरा माणूस हवा.

हे शिकून मिस्त्रीची गरज संपते का?
उलट मिस्त्रीशी नीट बोलता येतं. "गाडी बंद पडते" यापेक्षा "वेग ३८ असताना आरपीएम शून्य दाखवतो, पाणी ४१ अंशावरही झालं" असं सांगा. अर्धं काम तिथेच होतं.

त्या तीन सेन्सरमध्ये मामांचे साडेसहा हजार गेले होते. वायर, माउंटिंग आणि मजुरी मिळून त्याच्या निम्म्यातही काम झालं. आठ वर्षं ओलांडलेली गाडी आहे, दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, पण हप्ता वेळेवर जातो. बदललेल्या सेन्सरपैकी दोन अजूनही डॅशबोर्डच्या खणात आहेत. मीटर लावून पाहिलं, दोन्ही चांगले निघाले. मामा म्हणतात, "राहू दे तिथेच. पुन्हा लाइट लागला का मी पहिले याइच्याकडे पाहीन, मग मिस्त्रीकडे जाईन."